दोनशेंतील एक

अंकांना पक्ष नसतो, असे मानण्याची आपली रीत आहे. पाच आणि पाच मिळून दहा होतात. मग मोजणारा राजा असो वा रंक. परंतु अंक जेव्हा भविष्याविषयी बोलू लागतात, अमुक उपायात दोनशेंत एक दगावतो आणि तमुक रोगात सातांत एक दगावतो असे सांगू लागतात, तेव्हा त्यांचे बोलणे सर्वांना सारखे ऐकू येत नाही. राज्याच्या कारभाऱ्याला त्यातून एक अर्थ लागतो, मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला दुसरा लागतो. या दोघांत चूक कोणाची, की दोघेही आपापल्या जागी बरोबर, हा प्रश्न अठराव्या शतकात युरोपातील दोन थोर गणितज्ञांनी देवीच्या रोगाच्या निमित्ताने मांडला. त्यांच्या वादातून जे मुद्दे निघाले त्यांची धार अद्याप बोथट झालेली नाही.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानी यावे म्हणून दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्या. अमेरिकेतील सुप्रसिद्ध मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याचा फ्रान्सिस नावाचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली देवीने दगावला. फ्रँकलिन स्वतः देवी टोचून घेण्याच्या बाजूचा होता; पण या मुलाला त्या टोचल्या गेल्या नव्हत्या. त्याचा पश्चात्ताप त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद केला. टोचल्याने मूल गेले तर आपण स्वतःला कधी क्षमा करू शकणार नाही, या भीतीने जे आईबाप मागे सरतात त्यांनी न टोचल्यानेही तीच पाळी येते हे लक्षात घ्यावे, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. दुसरी घटना १७५८ सालची. प्रिन्स्टन येथील विद्यालयाचा नवनियुक्त अध्यक्ष, नामांकित धर्मवेत्ता जोनाथन एडवर्ड्झ याने फेब्रुवारी महिन्यात स्वेच्छेने देवी टोचून घेतल्या आणि मार्च महिन्यात त्याच देवीने त्याचा अंत झाला. एकाच्या घरी उपाय न केल्याने मृत्यू आला, दुसऱ्याच्या घरी उपाय केल्याने आला. आपल्या घराच्या वाट्याला यांपैकी कोणती घटना येणार हे ज्याला आधी कळू शकत नाही, त्याने काय करावे?

येथे एक खुलासा केला पाहिजे. 'देवी टोचणे' हा जो उपाय त्या काळी चालत असे, तो पुढे एडवर्ड जेन्नरने काढलेल्या लसीहून निराळा होता. जेन्नरने गाईच्या देवीचे सौम्य द्रव्य वापरले. त्यापूर्वी प्रत्यक्ष रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत शिरवीत असत. त्याला खऱ्याच देवी येत, मात्र बहुधा सौम्य स्वरूपात येत, आणि तो बरा झाला म्हणजे त्या रोगापासून जन्मभर सुटे. ही पद्धत हिंदुस्थान, चीन, तुर्कस्तान व आफ्रिका या प्रदेशांत युरोपच्या कितीतरी आधी प्रचलित होती. इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू हिने ती तुर्कस्तानात पाहिली, १७१८ साली आपल्या मुलाला तेथेच टोचून घेतले आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीलाही टोचविले. त्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टन शहरी देवीची मोठी साथ आली. कॉटन मॅदर नावाच्या धर्मोपदेशकाला ओनेसिमस नावाच्या आपल्या आफ्रिकी गुलामाकडून या पद्धतीची माहिती मिळालेली होती. त्याच्या आग्रहावरून झॅब्डिएल बॉइल्स्टन या वैद्याने सुमारे अडीचशे लोकांना देवी टोचल्या व त्यांपैकी ६ दगावले. ज्यांना साथीतून रोग लागला अशांची संख्या सहा हजारांच्या घरात होती. त्यांपैकी ८४४ मरण पावले. म्हणजे एकीकडे चाळिसांत एक आणि दुसरीकडे सातांत एक. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस जेम्स ज्युरिन याने अशाच प्रकारचे आकडे इंग्लंडभरातून पत्रे मागवून गोळा केले. एखाद्या उपायाची योग्यायोग्यता ग्रंथप्रामाण्यावर न ठरविता मोजदादीवर ठरविण्याचा हा फार जुना आणि मोठा प्रयत्न होय.

आता मोजदाद झाली तरी तिचा अर्थ लावावयास एखादे शास्त्र हवे. ते शास्त्र नुकतेच कोठे जन्माला आले होते, आणि तेही जुगाराच्या अड्ड्यावर. १६५४ साली फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल आणि प्येर द फर्मा या दोघांत एका प्रश्नावरून पत्रव्यवहार झाला. दोन खेळाडूंनी प्रत्येकी ३२ मोहरा डावावर लावल्या आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व ६४ मोहरा घ्यावयाच्या. पहिल्याचे दोन डाव आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असताना खेळ मोडला, तर पैसे कसे वाटावेत? पास्कालचे उत्तर असे : पुढचा डाव पहिला जिंकला असता तर त्याला ६४ मिळाल्या असत्या, हरला असता तर दोघांची बरोबरी होऊन त्याचा वाटा ३२ झाला असता. म्हणजे ३२ तर त्याच्या कोणत्याही परिस्थितीत आहेतच. राहिलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क, म्हणून त्यांचे निम्मे करावे. पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६.

हा हिशेब दिसावयास साधा. परंतु त्यात एक नवीन तत्त्वदृष्टी होती. जे अद्याप घडलेले नाही, आणि कदाचित कधीच घडणार नाही, त्यालाही आज किंमत असते व ती मोजता येते, असे यात गृहीत धरले होते. तोवर भविष्य हे दैवाच्या अथवा ईश्वराच्या स्वाधीन मानले जाई. त्याच्याशी व्यवहार करावयाचा तो नवससायासांनी. आता त्याचा जमाखर्च मांडता येऊ लागला. १६५७ साली क्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने या विषयावर पहिले छापील पुस्तक लिहिले आणि प्रत्येक संभाव्य लाभाला त्याच्या संभवाने गुणून बेरीज करावी, म्हणजे जे मिळेल ते त्या डावाचे न्याय्य मोल होय, असा नियम रूढ केला. या मोलाला पुढे 'अपेक्षा' असे नाव पडले. अपेक्षा म्हणजे दुसरे काही नव्हे, तर असंख्य वेळा तोच डाव खेळला असता दर डावामागे पडणारी सरासरी.

लवकरच ही दृष्टी फाशांवरून माणसांकडे वळली. लंडनचा व्यापारी जॉन ग्राँट याने १६६२ साली तेथील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवरून लोकांच्या आयुर्मानाविषयी अनुमाने काढली. धूमकेतूमुळे आपल्या परिचयाचा झालेला एडमंड हॅले याने १६९३ साली ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदी घेऊन कोणत्या वयाची किती माणसे जिवंत राहतात याचे कोष्टक तयार केले. याकोब बर्नुली याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने असे सिद्ध केले, की निरीक्षणांची संख्या जसजशी वाढवीत जावे तसतसे दिसणारे प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ राहण्याची खात्री आपणास हवी तितकी वाढविता येते. एकेक मृत्यू अनियमित असला तरी हजारो मृत्यूंना नियम असतो, हा विश्वास या सिद्धान्ताने पक्का झाला. परंतु सिद्धान्ताची मर्यादाही त्यातच होती. तो समुदायाविषयी बोलतो. समुदायातील अमुक एका माणसाविषयी तो मौन धरतो.

या याकोबचा पुतण्या डॅनिअल बर्नुली. त्याचा जन्म १७०० सालचा. गणित हे घराण्याचे वतन. पण वडिलांच्या इच्छेनुसार त्याने वैद्यकाचा अभ्यास करून त्यात पदवी मिळविली होती. १७३८ साली त्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या ग्रंथमालेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने सरासरीच्या नियमालाच आक्षेप घेतला. आक्षेप एका कोड्यातून निघाला होता. नाणे उडवीत राहावयाचे. पहिल्याच फेकीत छाप पडला तर एक रुपया, दुसऱ्या फेकीत पडला तर दोन, तिसऱ्या फेकीत चार, याप्रमाणे रक्कम दुप्पट होत जाणार. हायगेन्सच्या नियमाने हिशेब केला तर या खेळाचे मोल अनंत येते. परंतु शहाणा माणूस तो खेळण्यासाठी वीस रुपयेसुद्धा द्यावयास कचरेल. मग शहाणपण खोटे की गणित?

डॅनिअल बर्नुलीने गणित दुरुस्त केले. पैशाची किंमत आणि पैशाची उपयुक्तता या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, असे त्याने प्रतिपादिले. शंभर रुपयांची भर धनिकाला जाणवतही नाही. दरिद्र्याचा त्याने महिना निघतो. जवळचे धन जसे वाढते तशी प्रत्येक नव्या रुपयाची उपयुक्तता घटत जाते. निबंधात त्याने असे उदाहरण दिले, की अत्यंत गरीब माणसाच्या हाती एक सोडतीचे तिकीट आले आहे, त्यावर वीस हजार मोहरा मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, आणि दोहोंचा संभव सारखा आहे. ते तिकीट त्याने नऊ हजारांना विकले तर त्याला मूर्ख म्हणता येईल काय? सरासरी दहा हजार पडते. तरीही त्याने विकावे हेच योग्य. उलट एखाद्या श्रीमंताने ते नऊ हजारांना विकत घ्यावे हेही योग्यच. धोक्याविषयी एकच एक योग्य वृत्ती नसून ती माणसाच्या परिस्थितीवर अवलंबून असते, हे गणिताच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे मांडणारा हा निबंध पुढील अर्थशास्त्राला व विमाशास्त्राला फार उपयोगी पडला.

हाच डॅनिअल बर्नुली १७६० साली देवीच्या प्रश्नाकडे वळला. फ्रान्समध्ये त्या वेळी हा वाद तापला होता. शास्त्रज्ञ ला काँदामीन याने १७५४ साली पॅरिसच्या अकादमीपुढे टोचण्याच्या बाजूने आवेशाने भाषण केले होते. व्हॉल्तेअरची लेखणी त्याच बाजूला होती. विरोधकांत काही धर्मशास्त्री होते, काही वैद्य होते. निरोगी माणसाला जाणूनबुजून रोग लावणे हे पाप नव्हे काय, असे ते विचारीत. बर्नुलीने हा वाद मोजमापाच्या कक्षेत आणावयाचे ठरविले. हॅलेच्या कोष्टकाच्या आधारे त्याने १३०० नवजात अर्भके कल्पिली आणि त्यांच्या आयुष्याचा वर्षावर्षाने मागोवा घेतला. ज्यांना अद्याप देवी आलेल्या नाहीत त्यांपैकी दर वर्षी आठांत एकाला त्या येतात, आणि ज्यांना येतात त्यांपैकी आठांत एक दगावतो, असे त्याने धरले. मग देवीचा रोगच नसता तर या अर्भकांपैकी किती जण कोणत्या वयापर्यंत जगले असते, हे त्याने समीकरणाने काढले. रोगाच्या प्रसाराचा गणिती नमुना बांधण्याचा हा आद्य प्रयत्न म्हणून शास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद झाली आहे.

त्याचे उत्तर असे आले. देवी असताना माणसाचे सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिने. देवी नाहीशा झाल्या तर ते २९ वर्षे ९ महिने. म्हणजे दर माणशी ३ वर्षे २ महिन्यांचा लाभ. टोचण्यात दोनशेंत एक मरतो असे धरले, तर त्यापायी या लाभातून दोन महिनेसुद्धा वजा होत नाहीत. शिवाय टोचण्याचा धोका बालवयातच पत्करला जात असल्याने हानी होते ती अर्भकांची, आणि जी माणसे वाचतात ती कर्त्या वयाला पोचतात. तेव्हा राज्याला यात लाभच लाभ आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्याच अकादमीत जाँ ल राँ दालाँबेर बसत असे. जन्मतःच पॅरिसमधील एका चर्चच्या पायऱ्यांवर टाकून दिले गेलेले आणि एका काचकामगाराच्या पत्नीने वाढविलेले हे मूल पुढे युरोपातील अग्रगण्य गणितज्ञ आणि दिदेरोबरोबर फ्रेंच ज्ञानकोशाचा संपादक झाले. संभाव्यतेच्या शास्त्राविषयी त्याचे मन आधीपासूनच साशंक होते. त्या संशयापायी तो कधी कधी चुकलाही. नाणे दोनदा उडविले असता निदान एकदा छाप पडण्याचा संभव चारांत तीन असतो. त्याने १७५४ साली ज्ञानकोशात तो तिनांत दोन असावा असे सुचविले, आणि त्याबद्दल गणितज्ञ आजतागायत त्याला हसत आले आहेत. परंतु देवीच्या प्रश्नावर १७६० च्या नोव्हेंबरात त्याने जे आक्षेप मांडले ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

पहिला आक्षेप आधारसामग्रीवर होता. प्रत्येक वयाला देवी येण्याचे व देवीने मरण्याचे प्रमाण सारखेच असते, याला पुरावा काय? गृहीत गोष्टच डळमळीत असेल तर तिच्यावर रचलेल्या समीकरणाच्या सौंदर्याने सत्य सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. सरासरी आयुष्यात तीन वर्षांची भर पडते, हे खरे मानले तरी ती भर केव्हा मिळणार? आयुष्याच्या अखेरीस, वीस-तीस-चाळीस वर्षांनंतर. आणि धोका केव्हा पत्करावयाचा? आज, याच पंधरवड्यात. आजचा मृत्यू आणि वार्धक्यातील चार वर्षे यांना एकाच तागडीत घालून तोलता येईल काय? जगण्यातील सर्व वर्षे सारख्या मोलाची नसतात. नुसते श्वास घेत राहणे निराळे आणि भोगलेले, अनुभवलेले जीवन निराळे, असा भेदही त्याने केला.

तिसरा आक्षेप हा सर्वांत मर्मभेदी. राज्याचे हित आणि व्यक्तीचे हित यांचा हिशेब एकच नव्हे. राज्याच्या दृष्टीने प्रत्येक नागरिक हा एक. शंभरातले दहा गेले आणि उरलेले नव्वद पुष्कळ अधिक जगले तर राज्याची जमा वाढते. परंतु जो गेला त्याची जमा दुसऱ्या कोणाच्या खात्यावर मांडता येत नाही. हा आक्षेप पोकळ नाही, हे बर्नुलीच्याच आकड्यांवरून पडताळून पाहता येते. ३ वर्षे २ महिने हा लाभ २९ वर्षे ९ महिन्यांच्या दहाव्या हिश्शाहून थोडा अधिक भरतो. तेव्हा टोचण्यात दोनशेंत एक न मरता शंभरात दहा तत्काळ मेले असते, तरीही सरासरी आयुष्य किंचित वाढलेलेच दिसले असते, आणि नुसत्या सरासरीच्या कसोटीने तो उपाय ग्राह्यच ठरला असता. शंभरातली दहा मुले ज्यात त्याच दिवशी जातात असा उपाय कोणती आई आपल्या मुलावर करू देईल? ती नाही म्हणाली तर तिला अडाणी ठरविण्याचा अधिकार गणिताला आहे काय?

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेतली पाहिजे. दालाँबेर टोचण्याचा विरोधक नव्हता. तो उपाय हितकारकच आहे, त्याचा प्रसार व्हावा, असेच त्याचे मत होते. जो उपाय स्वतःला मान्य आहे त्याच्या समर्थनार्थ पुढे केलेला युक्तिवाद मात्र अपुरा आहे, हे तो सांगत होता. पक्ष आपला असला तरी पुरावा कच्चा असेल तर तो कच्चा म्हणावयाचा, ही बौद्धिक प्रामाणिकपणाची कसोटी त्या काळीही दुर्मिळ होती. बर्नुलीला अर्थात् ही टीका रुचली नाही. त्याचा निबंध छापून यावयास १७६६ साल उजाडले. तोवर टीका आधीच प्रसिद्ध झाली होती. निबंधाला जोडलेल्या प्रास्ताविकात टीकाकारांनी आधी विषय नीट समजून घ्यावयास हवा होता, अशा अर्थाची आपली नाराजी त्याने व्यक्त केली.

या वादात एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. १७३८ साली पैशाच्या बाबतीत नुसती सरासरी पुरत नाही, ती कोणाची आणि कोणत्या परिस्थितीतील आहे हे पाहिले पाहिजे, असे शिकविणारा बर्नुलीच होता. गरिबाने आपले तिकीट नऊ हजारांना विकावे हा सल्ला त्याचाच. मग आयुष्याच्या बाबतीत तोच बर्नुली प्रत्येक वर्ष प्रत्येक वर्षासारखे कसे मानतो? दालाँबेरचा दुसरा आक्षेप पाहिला तर तो बर्नुलीच्या जुन्याच सिद्धान्ताचा प्राणाला केलेला विनियोग होय. ज्याच्याजवळ एकच प्राण आहे तो त्या बाबतीत जगातला सर्वांत गरीब माणूस समजावयाचा. या विसंगतीचा उलगडा एकाच रीतीने होतो. १७३८ साली बर्नुली जुगाऱ्याच्या व व्यापाऱ्याच्या शेजारी बसून विचार करीत होता. १७६० साली तो राज्यकर्त्याच्या शेजारी जाऊन बसला. आकडेमोडीत चूक नव्हती. प्रश्न विचारणारा माणूस बदलला होता.

तथापि दालाँबेरच्या बाजूलाही एक उणीव राहते. तो ज्या आईची बाजू मांडतो, तिच्यापुढे 'धोका की निर्धोकपणा' अशी निवड नव्हतीच. निवड दोन धोक्यांतील होती. हाताने पत्करलेला धोका डोळ्यांना दिसतो. हात जोडून बसल्याने येणारा धोका दैवाच्या नावे खर्ची पडतो. मनुष्यस्वभाव असा आहे, की आपल्या कृतीने झालेल्या हानीची बोच अधिक आणि निष्क्रियतेने झालेल्या हानीची कमी. फ्रँकलिनचा पश्चात्ताप म्हणूनच बोलका आहे. मूल गमावल्यावर त्याला उमगले ते हेच, की काही न करणे हीसुद्धा एक कृतीच होय आणि तिचाही हिशेब द्यावा लागतो.

पुढील घटनांनी या वादाला निरनिराळी वळणे दिली. १७६३ साली पॅरिसच्या पार्लमाँ या न्यायसभेने शहरांच्या हद्दीत देवी टोचण्यास मनाई केली. टोचलेल्या माणसापासून इतरांना रोग लागण्याचे भय हे त्याचे कारण. १७६८ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिने इंग्लंडहून टॉमस डिम्झडेल या वैद्याला बोलावून स्वतःला टोचून घेतले. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई १७७४ च्या मे महिन्यात देवीने मरण पावला आणि पुढच्याच महिन्यात नव्या राजाने, सोळाव्या लुईने, टोचून घेतले. जो निर्णय अंकांनी होईना तो राजवाड्यातील एका मृत्यूने झाला.

मग जेन्नर आला. १७९६ सालचा त्याचा प्रयोग १७९८ साली प्रसिद्ध झाला आणि गाईच्या देवीची लस थोड्याच वर्षांत पृथ्वीभर पसरली. १८०२ च्या जून महिन्यात ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवीत, मुंबईस पोचली. १४ जून रोजी अ‍ॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि त्या चिमुकल्या दंडापासून सुरू झालेली साखळी पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास येथवर गेली. मराठी भाषेने रोगालाही 'देवी' म्हटले आणि त्यावरच्या उपायालाही 'देवी काढणे' म्हटले, यात लोकांच्या मनातील भीती आणि श्रद्धा या दोहोंची खूण राहिली आहे. फ्रान्समध्ये दूव्हिलार याने १८०६ साली नव्या लसीसाठी बर्नुलीचाच हिशेब अधिक चांगल्या आकड्यांनिशी पुन्हा केला. धोका इतका घटला होता, की दालाँबेरच्या आक्षेपाला जागा थोडीच उरली. मात्र राज्य आणि नागरिक यांचा तंटा मिटला नाही. इंग्लंडने १८५३ साली कायद्याने लस सक्तीची केली; त्याविरुद्ध इतका असंतोष माजला, की १८९८ साली सदसद्‌विवेकबुद्धीने विरोध करणाऱ्यांना सूट देणारे कलम कायद्यात घालावे लागले.

गणितज्ञांतही मूळ प्रश्न जिवंतच राहिला. 'दोनशेंत एक' हा आकडा नेमका कशाचा? पुष्कळ माणसे मोजली असता बाहेरच्या जगात आढळणाऱ्या प्रमाणाचा, की उपलब्ध पुराव्यावरून आपल्या मनात असावयाच्या विश्वासाच्या मापाचा? टॉमस बेझ याचा १७६३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेला निबंध आणि लाप्लास याचा १८१२ सालचा ग्रंथ यांचा कल दुसऱ्या अर्थाकडे होता. एकोणिसाव्या शतकात पहिल्या अर्थाने जोर धरला. १९२१ साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने मोजता येणारी जोखीम आणि मोजताच न येणारी अनिश्चितता यांत भेद केला. त्याच वर्षी केन्सनेही, पुष्कळ संभव असे असतात की त्यांना अंक लावताच येत नाही, असे प्रतिपादिले. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९३९ सालच्या आपल्या ग्रंथात विश्वासाच्या मापाचा पक्ष पुन्हा समर्थपणे उभा केला. कोल्हापूरला १९१९ साली जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी या जेफ्रीज यांच्याच मार्गदर्शनाखाली केंब्रिज येथे संशोधन केले आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी केली. पास्कालच्या मोहरांपासून निघालेला हा विचारप्रवाह अशा रीतीने मराठी मुलखापर्यंत येऊन पोचला.

देवीच्या कथेचा शेवट मात्र असा झाला, की त्याने दोन्ही गणितज्ञांना विचार करावयास लावले असते. भारतात १९७५ साली देवीचे शेवटचे रुग्ण आढळले आणि १९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. बर्नुलीने कागदावर कल्पिलेले देवीविरहित जग प्रत्यक्षात अवतरले. त्याआधीच, १९७२ साली, अमेरिकेने सर्व मुलांना सरसकट लस टोचण्याची प्रथा बंद केली होती. कारण रोग त्या देशात उरला नव्हता, पण लसीचा अत्यल्प धोका मात्र तसाच होता. तराजूच्या एका पारड्यातील वजन काढून घेतल्याबरोबर दुसऱ्या पारड्यातील कणही जड ठरला. धोक्याचा आकडा स्वतः कधी लहान वा मोठा नसतो. समोरच्या पारड्यात काय आहे त्यावरून तो लहानमोठा होतो.

बर्नुली आणि दालाँबेर यांच्यात जय कोणाचा झाला, असे विचारणे म्हणूनच व्यर्थ होय. ज्याला लाखोंचा सांभाळ करावयाचा आहे, त्याला सरासरीवाचून मार्ग नाही. ती नाकारणारा राज्यकर्ता आपल्या भीडेपायी हजारो अनोळखी मुलांचे प्राण घालवितो. पण सरासरी ही कोणा एकाची नसते. तिचा आधार घेऊन बोलणाऱ्याने ती कोणासाठी काढली आहे, लाभ कोणाला व केव्हा मिळणार, धोका कोणाच्या अंगावर व केव्हा पडणार आणि मूळ आकडे कितपत पक्के आहेत, हे ऐकणाऱ्याला उघड सांगावयास हवे. एवढे सांगितल्यावर आईने आपल्या मुलाचा दंड पुढे केला, तर ती समजून केलेली कृती ठरते. पॅरिसच्या अकादमीत एका गणितज्ञाने अंक मांडले आणि दुसऱ्याने त्या अंकांना प्रश्न विचारले. धोक्याविषयी शहाणपणाने वागावयाचे तर दोघांचीही गरज लागते, आणि त्यांचा क्रमही तोच असावा लागतो : आधी मोजावे, मग विचारावे.